उशाजवळचा वेल

अंबादास ढवळे रोज सकाळी सहाला घरातल्या झाडांना पाणी द्यायचा. सहा म्हणजे सहा. आधी गॅलरीतल्या अकरा कुंड्या, मग स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या चार आणि शेवटी आतल्या खोलीतला मनी प्लांट. प्रत्येकाला एक तांब्या. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. बत्तीस वर्षं बार्शीच्या नळांना त्यानं असंच पाणी सोडलं होतं. लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, गल्लीच्या तोंडाशी चेंबरमध्ये वाकायचं, व्हॉल्व्ह उघडायचा, घड्याळ बघायचं, वेळ झाली की बंद करायचा. आता गावाला पाणी संगणक सोडतो. चावी दाराच्या मागं खिळ्याला टांगलेली आहे, आणि अंबादासच्या ताब्यात सोळा कुंड्या उरल्या आहेत.

त्याही त्याच्या नव्हत्या, मंगलच्या होत्या. मंगल जाऊन सात महिने झाले होते.

ती असताना त्यानं एकाही कुंडीला हात लावला नव्हता. तिच्या पाणी देण्याला काही वेळापत्रकच नव्हतं. जाता-येता मातीत बोट खुपसायची, पान उलटं करून बघायची, कोणाला घालायची, कोणाला नाही. त्याला ते बघवायचं नाही.

"अगं, एकदाच काय ते सगळ्यांना घालून मोकळी हो ना."

"अहो, सगळ्यांना एकाच वेळी तहान लागते का? तुमच्या वॉर्डातली माणसं आहेत होय ही?"

ती गेल्यावर तीन-चार महिने कुंड्या ठीक होत्या. मग पानं खाली मान घालायला लागली. अंबादासला ही गोष्ट ओळखीची होती. ज्या गल्लीतून तक्रार येते तिथं चावी अर्धा फेरा जास्त फिरवायची, तक्रार थांबते. त्यानं एका तांब्याचे दोन केले. पानं आणखी पडली. दोनाचे तीन केले. कोलियसचे देठ लिबलिबीत झाले, नेचा काळा पडला. गॅलरीतल्या पाच कुंड्या त्यानं रिकाम्या करून उपड्या घातल्या.

मनी प्लांटला मात्र तो मरू द्यायला तयार नव्हता. तो वेल मंगलच्या पलंगाच्या उशाला होता. खिडकीच्या गजांवरून तिनं तो स्वतःच्या हातानं फिरवला होता, जुन्या साडीच्या काठांच्या चिंध्यांनी ठिकठिकाणी बांधला होता. शेवटच्या वर्षात ती दुपारभर तिथं पडून असायची. त्या खोलीत तिच्या हातचं जिवंत असं एवढंच राहिलं होतं. आता त्याची बुडाची पानं पिवळी पडून गळत होती.

पुण्याहून लेकीचा, स्नेहलचा, व्हिडिओ फोन आला तेव्हा तिनं मागचा वेल पाहिला.

"पप्पा, हे काय झालंय आईच्या वेलाला? काय मस्त होता तो!"

"पाणी देतोय की मी."

"मी चिमटा पाठवते. सगळ्यांकडे असतो आता. लावा आणि तो सांगेल तसंच करा. ऐकताय ना?"

"संगणकानं माझी चावी घेतली, आता तांब्यापण घेऊ दे."

"पप्पा!"

"पाठव, पाठव."

चिमटा आला. कपडे वाळत घालताना लावतात तसाच होता, जरा जाड. तो पानाला लावायचा. आतून पानावर निळा उजेड पडतो. पान त्यातला बराचसा उजेड आपल्या कामाला वापरतं, थोडा उबेत जातो, आणि अगदी थोडासा मंद तांबड्या उजेडात परत बाहेर टाकतं. डोळ्याला तो दिसत नाही, चिमट्याला दिसतो. पानाला बरं नसलं की हे परत टाकणं बदलतं. शिवाय तहानलेल्या झाडाच्या देठात पाण्याची केसासारखी धार तुटते, तेव्हा टिक् असा आवाज होतो. तो माणसाच्या कानाच्या पलीकडचा असतो. चिमटा तोही ऐकतो, आणि मग फोनवर मराठीत बोलतो.

वेलाच्या पानाला लावल्यावर तो म्हणाला, "देठात आवाज नाही. झाड तहानलेलं नाही. मुळं गुदमरली आहेत. दहा दिवस पाणी देऊ नका."

"पाण्यात कोण गुदमरतं रे?" अंबादास फोनला म्हणाला. मग त्याचं त्यालाच काहीतरी वाटलं. त्यानं कधी नव्हे ते मातीत बोट खुपसलं. बोट ओलं होऊन बाहेर आलं. त्याचा वास घेतला, आणि तो वास त्याला लगेच कळला. रस्त्याखाली पाइपाचा सांधा गळत असतो आणि चेंबरमध्ये महिनोन्‌महिने पाणी साचून राहतं, त्या मातीचा वास.

तहानेनं पडलेलं पान आणि बुडून पडलेलं पान दिसायला सारखंच असतं. बत्तीस वर्षांत पाणी जास्त झालं म्हणून एकही माणूस त्याच्याकडे तक्रार घेऊन आला नव्हता. त्यामुळे ती तक्रार कशी दिसते हे त्याला माहीतच नव्हतं.

चार दिवस त्यानं तांब्याला हात लावला नाही. वेल सावरला नाही. पाचव्या दिवशी तो दस्तगीरकडे गेला.

दस्तगीर तांबोळी त्याच्या बरोबरीचा. दोघं एकाच दिवशी पाणीपुरवठ्यात लागले आणि एकाच दिवशी सुटले. अंबादासकडे वरचं गाव होतं, दस्तगीरकडे खालचं. दस्तगीरच्या घरीही तोच वेल होता, मंगलच्या वेलाची कांडी. ती त्यानं चोरून नेली होती. मनी प्लांट मागून आणला तर लागत नाही, चोरून आणला तरच फोफावतो, असं सगळेच म्हणतात. म्हणून दोन वर्षांपूर्वी दस्तगीरनं कांडी हवी असल्याचं तोंडानं सांगितलं नव्हतं. नुसतं वेलाकडे बघत बसला होता. मंगल उठून चहाला आत गेली होती आणि पाठ करून मोठ्यानं म्हणाली होती, "मी काही बघत नाही हो, दस्तगीरभाऊ." दस्तगीरनं कांडी तोडून खिशात टाकली होती.

"या, वरचं गाव!" दस्तगीर पलंगावर पडल्या पडल्या म्हणाला. "आज खालच्या गावाला कसं काय पाणी सोडलं?"

अंबादासचं लक्ष वेलाकडे होतं. पलंगाच्या उशावर सुतळ्या बांधून वेल वर चढवला होता. दाराकडची पानं साधी, चारचौघांसारखी होती. उशावरची पानं ताटलीएवढी होती, तेल चोळल्यासारखी काळपट हिरवी. मंगलचा वेल अगदी असाच होता.

"काय घालतोस रे याला?"

"काही नाही. रेहाना कधीतरी चहाचा चोथा टाकते. हाताचा गुण असतो लेका. तुझ्या हातात चावी, माझ्या हातात बरकत." दस्तगीरनं तोंडातली लवंग या गालातून त्या गालात नेली. हल्ली त्याच्या तोंडात कायम लवंग असायची.

"माझा चाललाय," अंबादास म्हणाला. "मंगलचा. हा मला परत दे."

"चोरीचा माल कोणी परत करतं का? आणि मागून नेलास तर लागायचा पण नाही."

"तिचा आहे तो."

"वहिनींनी मला दिलाय."

"दिला नाही. तू चोरलास!"

आवाज एवढा चढला की दस्तगीरची बायको रेहाना पिठाच्या हातानं बाहेर आली. अंबादास चहा न घेताच निघाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं वेल गजांवरून सोडवला. काठाच्या चिंध्या एकेक करून सोडल्या आणि खिशात ठेवल्या. कुंडी मांडीवर, वेलाचं वेटोळं गळ्यात, असा तो रिक्षात बसून मार्केट यार्डाजवळच्या रोप-दवाखान्यात गेला. खताच्या दुकानामागं एक मोठी खोली होती. तिथं तृप्ती गव्हाणे नावाची तिशीतली मुलगी झाडं तपासायची. तिनं कुंडी उपडी केली. मुळं तपकिरी झाली होती. बोटानं ओढलं की साल निघून येत होती आणि आत दोरा राहत होता.

"मुळं गेलीत, काका. वरच्या चार कांड्या पाण्यात ठेवून बघू. पण भरवसा देत नाही."

"पाणी माझ्याच हातून जास्त झालं."

"दहातले आठ जण हेच करतात. झाडं उपाशी फार कमी मरतात. मायेनं जास्त मरतात."

ती कांड्या कापायला गेली आणि थांबली. तिनं सगळा वेल लांब टेबलावर पसरला. पाच-साडेपाच मीटर भरला. मग मोठ्या यंत्राचा चिमटा एकेका पानाला लावत ती पुढं सरकू लागली. बुडाकडच्या गळलेल्या पानांच्या फक्त खुणा होत्या. तिथून पुढं चार पानं साधी. मग रंग चढत गेला होता. मग एका ठिकाणी पानं एकदम लहान आणि फिकी झाली होती, ती शेंड्यापर्यंत.

"काका, हा कुठं लावला होता?"

"खिडकीच्या गजांवर. पलंगाच्या उशाला."

"खिडकी उघडी असायची?"

"नाही. तिला थंडी वाजायची. बंदच असायची."

"कुणाला?"

"मंडळींना. माझ्या."

तृप्तीनं चिमटा खाली ठेवला. "त्यांना किडनीचा त्रास होता का?"

अंबादास जवळच्या खताच्या पोत्यावर बसला. तो म्हणाला, "त्यातच गेली. तुम्हाला कसं कळलं?"

तिनं त्याला पाणी दिलं आणि मग सांगितलं. हळू सांगितलं, कारण हे सांगण्याची तिलाही सवय नव्हती.

किडनी रक्तातली घाण गाळते. ती थकली की युरिया रक्तात साठतो, तिथून थुंकीत उतरतो. तोंडातले जंतू त्याचा अमोनिया करतात आणि तो श्वासातून बाहेर पडतो. अगदी थोडा, पण रात्रंदिवस. शेतात युरिया टाकला की पीक हिरवं का होतं? त्यातल्या नत्रानं. तेच नत्र अमोनियात असतं. पानाला खालच्या बाजूनं बारीक छिद्रं असतात, श्वास घ्यायला. बंद खोलीत आजारी माणसाच्या तोंडाजवळ पान असलं तर ते त्या छिद्रांतून अमोनिया आत ओढून घेतं आणि त्याचं खत करतं. मुळातून आलेलं खत सगळ्या वेलाला वाटून जातं. हवेतून आलेलं मात्र ज्या पानाला लागलं तिथंच बरंचसं राहतं. म्हणून उशाकडची पानं काळीशार आणि लांबची साधी.

"दोन वर्षांपूर्वीपर्यंत आम्हालाही हे माहीत नव्हतं," ती म्हणाली. "एका दवाखान्यात डायलिसिसच्या खोलीतल्या कुंड्या बाकीच्या कुंड्यांपेक्षा हिरव्या का दिसतात, हे कुणीतरी शोधायला गेलं, त्यातून कळलं. आता शहरात विम्याची माणसं घरातल्या कुंड्या बघायला मागतात. लोक खरी झाडं काढून प्लास्टिकची ठेवायला लागलेत. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, हिरवं पान म्हणजे निरोगी पान. आता आधी विचारावं लागतं, हिरवं कशानं?"

"कधीपासून होतं हे?" अंबादासनं विचारलं.

तृप्ती टेबलावरची माती हातानं झटकू लागली.

"ताई, सांगा. मला घड्याळाची सवय आहे."

"या वेलाला महिन्याला साधारण दोन पानं येतात," ती म्हणाली आणि टेबलाशी वाकली. फिक्या पानांपासून ती मागं मोजत गेली. जिथं रंग चढायला लागला होता तिथं तिनं बोट ठेवलं. "त्या गेल्या त्याच्या सोळा महिने आधीपासून."

मंगलचा आजार डॉक्टरांना कळला तो ती जाण्याच्या तीन महिने आधी.

अंबादासनं त्या पानावर बोट ठेवून पाहिलं. पान गार होतं. ते आलं तेव्हा मंगल गॅलरीत उभी राहून खालच्या भाजीवाल्याशी भांडत असणार. स्नेहल व्हिडिओ फोनवर म्हणायची, 'आई, तुझा वेल बघ किती माजलाय!' आणि मंगल म्हणायची, 'माझ्याकडे बघून माजलाय.' आणि तो स्वतः काय म्हणायचा, तेही त्याला आठवलं. तो म्हणायचा, 'झाडं बरी म्हणजे घर बरं.'

"असा दुसरा एखादा वेल असला," त्यानं विचारलं, "उशाकडून काळा, दाराकडून साधा, तर?"

"नक्की काही सांगता येत नाही. संडास जवळ असेल, गोठा असेल, फरशी पुसायचं काही औषध असेल. झाड आजाराचं नाव सांगत नाही, काका. इथल्या हवेत काहीतरी आहे, एवढंच सांगतं. पण असा वेल दिसला तर मी त्या माणसाला रक्त तपासायला पाठवीन. त्याच दिवशी."

संध्याकाळी स्नेहलचा फोन आला. "काय म्हणाल्या त्या? वाचेल ना?"

"पाणी जास्त झालं, म्हणाल्या."

"आणि?"

"आणि काय? चार कांड्या पाण्यात ठेवल्यात."

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस अंबादास घराबाहेर पडला नाही. दस्तगीरकडे जायला हवं हे त्याला तृप्तीच्या टेबलापाशीच कळलं होतं. पण पाय उचलत नव्हते. काल ज्या वेलासाठी भांडून आलो, त्याच वेलात आज खोट काढायची? दस्तगीर म्हणेल, जळतोय. शिवाय कदाचित काही नसेलही. फरशीचं औषध असेल. शिवाय तो थकला होता. सात महिन्यांपूर्वी तो दवाखान्यात ज्या बाकावर बसला होता, जो वास त्याच्या नाकात गेला होता, तिथं पुन्हा कोणासाठीही जायची त्याच्यात ताकद नव्हती.

आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी दिसली. मंगलला वेळेवर कळलं नाही, मग दस्तगीरला का कळावं? हा विचार आपलाच आहे हे लक्षात आल्यावर तो उठला, तोंडावर पाणी मारलं आणि तरीही गेला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला सवयीनं तांब्या भरला आणि ज्या कुंड्यांना पाणी द्यायचं नाही त्यांच्यापुढं उभा राहिला. मग तांब्या ठेवला, चिमटा खिशात टाकला आणि निघाला.

"पुन्हा वेलासाठी आलास?" दस्तगीर म्हणाला.

"वेलासाठीच."

"भाभी, बघा हो तुमचा दीर. वेलावर डोळा ठेवून आहे," दस्तगीर स्वयंपाकघराकडे ओरडला. तो रेहानाला चिडवायला कधी कधी अंबादासच्या तोंडचं भाभी म्हणायचा.

अंबादासनं उशावरच्या एका पानाला चिमटा लावला. फोन म्हणाला, "पानात नत्र जास्त आहे. खत कमी करा."

"खत घालतोच कोण?"

अंबादासनं दाराकडच्या पानाला लावला. फोन म्हणाला, "पान ठीक आहे."

"एकाच कुंडीत?" रेहाना दारात आली होती. "असं कसं?"

अंबादास पलंगाच्या कडेला बसला आणि त्यानं तृप्तीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. नीट सांगता आलं नाही. मध्येच अडकला, युरियाचं दोनदा सांगितलं. दस्तगीर आधी हसला, मग त्याचा चेहरा कडक झाला.

"म्हणजे माझा वेल चांगला वाढला, म्हणून मी आजारी? तुझा मेला म्हणून तू ठणठणीत? अंबादास, जळावं माणसानं, पण काहीतरी धरबंद ठेवावा. मला काही झालेलं नाही. गुडघे दुखतात, त्याची गोळी घेतो. चेंबरात वाकून वाकून तुझे नाही दुखत?"

"किती वर्षं घेतोस गोळी?"

"तुला काय करायचंय? जा. कांडी पाहिजे तर तोडून ने, पण हे नाटक नको."

अंबादास उठला. दारापर्यंत गेला. मग वळला. जे बोलायचं होतं ते त्यानं लेकीलाही सांगितलं नव्हतं.

"मंगलच्या तोंडाला वास यायचा," तो म्हणाला. "शेवटच्या वर्षात. ती पदर धरून बोलायची. तोंडाला पितळेसारखी चव येते, म्हणायची. मी म्हटलं, दात दाखवून ये. ती गेली. दाढ काढून आली. चांगली दाढ होती रे. डॉक्टरनंच सांगितलं, बाई म्हणताहेत म्हणून काढली. घरी आल्यावर गालाला हात लावून विचारते, आता येतो का हो वास? मी म्हटलं, नाही. येत होता. मी नाही म्हटलं. आणि वेलाकडे बोट करून म्हटलं, बघ कसा हिरवागार आहे. झाडं बरी म्हणजे घर बरं."

बाहेर एक टेम्पो गेला.

"मला तुझा वेल नको," अंबादास म्हणाला. "जाळून टाक. पण रक्त तपासून ये."

दस्तगीर काहीतरी बोलणार होता. त्याच्या आधी रेहाना बोलली, अगदी हळू.

"थुंका ती लवंग."

"काय?"

"लवंग थुंका. या रमजानपासून मी तुम्हाला लवंग देतेय. का देतेय, मी सांगितलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." तिनं पिठाचे हात पदराला पुसले. "उद्या नाही. आत्ता चला. अंबादासभाऊ, रिक्षा बोलवा."

अंबादास बरोबर गेला. त्याच वासाच्या, तशाच बाकावर तीन तास बसला. दस्तगीर मध्ये बसला होता, एका बाजूला रेहाना, दुसऱ्या बाजूला अंबादास. दोन वेळा तो म्हणाला, "काही निघालं नाही तर बघतोच तुझ्याकडे." तिसऱ्या वेळी म्हणाला नाही.

निघालं. डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि सांगितलं, निम्म्याहून जास्त काम थांबलंय, बाकीचं शिल्लक आहे. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं टिकवता येईल. गुडघ्याची गोळी आजपासून बंद. दहा वर्षं ती गोळी खाल्लीत तरी कशी? मीठ कमी, औषध वेळेवर. "आणखी सहा-आठ महिन्यांनी आला असतात तर मी वेगळं काही बोलले असते. कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं तुम्हाला?"

"मनी प्लांटनं," दस्तगीर म्हणाला. डॉक्टरीणबाईंना तो विनोद वाटला.

मंगलच्या चार कांड्या एकेक करून सडल्या. शेवटची गेली त्या दिवशी तृप्तीनं फोन केला, "काका, सॉरी." अंबादास म्हणाला, "तुम्ही केलंत तेवढं खूप झालं." गॅलरीतल्या सहा कुंड्या मात्र जगल्या. त्यानं सहाचा गजर बंद केला. आता तो मातीत बोट घालून बघायचा, आणि बहुतेक दिवस काहीच न करता परत यायचा. काही न करणं त्याला पाणी देण्यापेक्षा जड जायचं.

दिवाळीला स्नेहल आली तेव्हा त्यानं तिला सांगितलं. ती रिकाम्या गजांकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे मी पण हसत होते, पप्पा. किती माजलाय म्हणून." तो म्हणाला, "आपण तिघंही हसत होतो." जाताना तिनं गजांवर हात फिरवून धूळ पुसली.

दर शुक्रवारी दुपारी दस्तगीर नमाजहून आला की अंबादास चिमटा घेऊन त्याच्याकडे जायचा. खिडकी आता उघडी असायची. जुनी काळी पानं तशीच होती, पण नवीन येणारी बघायची होती. पहिली दोन काळीच आली. तिसरं जरा कमी. मग महिन्यामागून महिने रंग उतरत गेला. फेब्रुवारीत उशाशी एक पान उलगडलं, ते तळहातापेक्षाही लहान होतं, पोपटी, साधं. कोणाच्याही घरात असतं तसं. अंबादासनं चिमटा लावला. फोन म्हणाला, "पान ठीक आहे."

"गेली लेका माझी बरकत," दस्तगीर म्हणाला. "काय पान होतं एकेक! जेवायला वाढावं असं. आता बघ, कसलं मरतुकडं."

"असंच मरतुकडं राहू दे," रेहाना म्हणाली. ती त्या पानाकडे अशी बघत होती की अंबादासनं नजर वळवली.

मग ती उठली. "चहा टाकते," म्हणाली. दाराशी जाऊन तिनं पाठ केली आणि मोठ्यानं म्हणाली, "मी काही बघत नाही हो, अंबादासभाऊ."

अंबादासला आधी कळलंच नाही. मग त्यानं दस्तगीरकडे पाहिलं. दस्तगीर डोळे मिटून पडला होता. घोरतही होता, पण खोटं.

अंबादासनं काळ्या पानांना हात लावला नाही. त्यानं शेंड्याकडची, पोपटी पानाची कांडी तोडली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"उशाशी लाव," दस्तगीर डोळे न उघडता म्हणाला. "एकटा राहतोस. तुझ्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी पाहिजे."

"झोपलायस ना तू?"

"झोपलोय."

घरी येऊन त्यानं मंगलच्या कुंडीत नवी माती भरली, कांडी लावली, थोडं पाणी दिलं आणि कुंडी पलंगाच्या उशाला ठेवली. काठाची एक चिंधी घेऊन कांडी सैलशी गजाला बांधली.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा सहा वाजले होते. हात सवयीनं तांब्याकडे गेला. तांब्या भरून तो खोलीत आला आणि कुंडीपाशी बसला. मातीत बोट घातलं. माती ओली होती. त्यानं पान उलटं करून पाहिलं, ती बघायची तसं. काय बघायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं. पण पाहिलं. मग तांब्या तोंडाला लावला आणि ते पाणी स्वतःच प्यायला.